बागेतील वाढावा आणि आषाढाची मुदत

माघ महिन्यात नागपूरच्या घरगुती बागा एकाएकी उदार होतात. धरमपेठेतील बंगल्याचे अंगण असो वा इतवारीतील घराची गच्ची, टमाटर, मेथी, पालक, सांबार आणि वालाच्या शेंगा एकदमच तोडणीस येतात. नेमके तेव्हाच कॉटन मार्केटमध्येही त्यांचे भाव उतरलेले असतात. व्यापारी घरांना हे सांगावयास नको; आपल्याकडे माल अधिक, तेव्हा बाजारातही तो अधिकच. पुढे हाच टमाटर पावसाळ्यात कसा वागतो, हे जुलै २०२३ मध्ये देशाने पाहिले. कित्येक शहरांत किलोमागे दोनशे रुपये मोजावे लागले.

या वाढाव्याचा पहिला विनियोग दान हाच. मात्र ते तोडणीच्या दिवशीच व्हावे. चार दिवस घरात ठेवून मान टाकलेली मेथी कामवाल्या बाईंच्या हाती देणे, यास दान म्हणणे मला जड जाते.

उरलेल्याची खरी तिजोरी म्हणजे आपले ऊन. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. आपण या उन्हाला नावे ठेवतो. पण एवढे कोरडे आणि फुकट भांडवल मुंबईकरांच्या नशिबी नाही. पूर्व विदर्भात वाळवलेल्या फोडींना ‘खुला’ म्हणतात. वांग्याच्या खुला आपल्यापैकी अनेक घरांत चालत नाहीत, परंतु पद्धत टमाटरासही लागू पडते. टमाटरात सुमारे ९४ टक्के पाणीच असते, म्हणून दहा किलोंच्या चकत्या वाळून जेमतेम सहाशे ग्रॅम भरतात. हा हिशेब आधी माहीत असला म्हणजे निराशा होत नाही.

गवार उन्हाळ्यात येते, हे सोयीचे. कोवळ्या शेंगा निवडून मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवाव्यात, निथळून पातळ मलमलीखाली उन्हात पसराव्यात. सूर्यास्तापूर्वी त्या आत घ्याव्यात. दवही नको आणि कीटकही नकोत. शेंग वाकली तर कच्ची, कट्कन मोडली तर तयार. मेथी मात्र सावलीत वाळवावी, रंग टिकतो. मारवाडातून आलेल्या घरांना केर-सांगरीमुळे यात नवे काही वाटणार नाही.

मटार व वालाचे दाणे हवाबंद बाटलीत पाण्यात भरून महिनोन्‌महिने ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. आंबटपणा नसलेल्या भाजीत, हवा नसताना, बोटुलिझमचे विष तयार होऊ शकते आणि त्यास वास वा रंग असेलच असे नाही. दाणे वाळवावेत किंवा उकळत्या पाण्यातून काढून गोठवावेत.

हाच उद्योग मोठ्या प्रमाणावरही होतो. आपल्याच महाराष्ट्रातील एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही संस्था सौर वाळवणयंत्रे ग्रामीण महिलांच्या हाती देते. शेतातील वाया जाणारा माल त्या वाळवतात आणि संस्था तो अन्न-उद्योगांस विकते. २०२३ चे अर्थशॉट पारितोषिक, दहा लाख पौंडांचे, या संस्थेस मिळाले. त्यांच्या मालात कांदा पुष्कळ असतो, तो आपल्या कामाचा नाही. पण जे काम आपल्या आज्या गच्चीवर विनामूल्य करीत, त्याची किंमत त्यावरून ध्यानी यावी.

आता मुदतीचा प्रश्न. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या घरांत वाळवलेली गवार उपयोगी पडते. महिन्याच्या चार तिथी आणि चार माणसे धरली, दर वेळी शंभर ग्रॅम धरले, तर चैत्र ते आषाढ या काळास दीड किलोच्या आसपास साठा पुरे. काही घरांत आषाढ चातुर्मासीपासून वाळवणही चालत नाही, कारण दमट हवेत त्यावर बुरशी धरते. त्या घरांत पाच किलो वाळवून ठेवणे म्हणजे मुदत संपल्यावर बुडणारी ठेव होय. जेथे चालते, तेथेही पहिल्या पावसापूर्वी प्रत्येक बरणी उघडून, पुन्हा एक ऊन देऊन, मगच बंद करावी. बरणीवर भरल्याची तिथी लिहावी, आणि संपवण्याचीही.

राहिला प्रश्न श्रमाचा. ‘बाग आमची’ म्हणणारे पुरुष टोपली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवून मोकळे होतात. पुढचे निवडणे, उकडणे, पसरणे आणि आभाळाकडे पाहत बसणे गृहिणीकडे. निवृत्तीनंतर माझ्याकडे शेंगांच्या शिरा काढण्याचे खाते आले आहे. दोन किलो गवारीस एक तास वीस मिनिटे लागतात. दुकानातून दुपारी घरी येणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून पाहावे.

एवढ्यावरही माल आवरेना, तर उपाय वाफ्यातच आहे. मेथी-पालकाचे सारे बी एकाच दिवशी टाकू नये. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरावा. टमाटराची रोपेही दोन तुकड्यांत, तीन आठवड्यांच्या फरकाने लावावीत.