नित्यसेवेचा संकल्प

१८९९ साली कोलकात्यात प्लेगची साथ पसरली, तेव्हा भगिनी निवेदितांनी स्वतः झाडू हाती घेऊन रस्ता झाडावयास प्रारंभ केला. ते पाहून ओशाळलेले तरुण पुढे सरसावले. १२ जानेवारीस स्वामी विवेकानंदांची जयंती साजरी करणाऱ्या युवक मंडळांनी हा प्रसंग ध्यानी घ्यावा. छायाचित्रापुरते वृक्षारोपण सोपे असते. त्या रोपांना वैशाखात पाणी घालणे, ही खरी सेवा. उन्हाळी सुट्टीत महाविद्यालये बंद असतात आणि रक्तपेढ्यांना रक्ताचा तुटवडा भासतो. रक्तदान शिबिर तेव्हा भरवावे. सेवावस्तीत अभ्यासिका उघडली, तर परीक्षा संपेपर्यंत तिचा दिवा विझू देऊ नये. प्रत्येक मंडळाने एकच काम निवडावे, परंतु ते वर्षभर निष्ठेने करावे. समाजपुरुषाची पूजा हे नित्यकर्म आहे.