टाकी तुंबायची वाट पाहू नका

राज्यातल्या सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांस,

विषय : घरोघरच्या सेप्टिक टाक्यांचा दर तीन वर्षांनी उपसा



आपल्यापैकी बहुतेकांच्या गावात भुयारी गटार नाही, असली तर दोन-चार वॉर्डांपुरती. बाकी सगळी घरं सेप्टिक टाकीवर चालतात. या टाक्या केव्हा उपसायच्या, हे आज कुणीच ठरवत नाही. संडास तुंबला, अंगणात घाण वर आली, शेजाऱ्याने तक्रार केली, की घरमालक मैल्याची गाडी शोधायला निघतो. नगरपरिषदेची गाडी मिळेपर्यंत दिवस जातात आणि खासगी गाडीवाला अडलेल्या माणसाकडून मागेल ते पैसे घेतो. उपसा हे घरमालकाच्या मर्जीवर सोडलेलं काम न राहता नगरपरिषदेचं ठरलेलं काम व्हावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घरमालकाला बोल लावून काही साधणार नाही. ‘भरली की बोलावू’ असं प्रत्येक जण म्हणतो. पण सेप्टिक टाकी वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत काठोकाठ भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. जेवढं पाणी आत येतं, तेवढंच दुसऱ्या तोंडाने बाहेर जातं. वाढत असतो तो तळाचा गाळ आणि वरची साय, आणि घरात बसून ते कुणालाही कळत नाही. संडास नीट चालू असतो, वास नसतो, आणि आत निम्मी जागा गाळाने खाल्लेली असते. सांडपाणी टाकीत निदान एक-दोन दिवस थांबलं, तरच त्यातला जड भाग खाली बसतो. जागाच उरली नाही की मैला तसाच वाहून पुढे जातो. आपल्याकडे पुष्कळ घरांना शोषखड्डा नसतो, टाकीचा पाइप थेट दारासमोरच्या उघड्या गटारात सोडलेला असतो. तिथून नाला, नाल्यातून नदी. घरमालकाच्या दृष्टीने टाकी उत्तम चाललेली असते आणि गाव मात्र त्याचा कच्चा मैला सोसत असतं.

तीन वर्षं का, तेही सांगतो. आयएस 2470 या भारतीय मानकात 5 माणसांच्या घरासाठी दिलेली टाकी दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली साधारण 1 मीटर अशी आहे. म्हणजे सुमारे 1,100 लिटर. माणशी वर्षाला 30 ते 40 लिटर गाळ साचतो असं धरलं, तर 5 माणसांचा 3 वर्षांत 500 लिटरच्या आसपास होतो. टाकी निम्मी गेली. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही दोन ते तीन वर्षांनी उपसा करा असंच सांगतात. जुन्या वाड्यात प्रचंड टाकी असेल आणि राहायला दोनच माणसं, तर तिला पाच वर्षंही चालतील. उलट लॉज, मंगल कार्यालयं, वसतिगृहं आणि सार्वजनिक शौचालयांना वर्षातून एकदा तरी गाडी लागेल. बाजारात मिळणाऱ्या पावडरी टाकल्याने हा उपसा टळत नाही, हेही लोकांना सांगायला हवं.

शंका असेल तर आपल्या स्वच्छता निरीक्षकाला एखाद्या घरी पाठवा. लांब काठीला खालच्या टोकापासून अर्ध्या उंचीपर्यंत पांढरं फडकं घट्ट गुंडाळायचं, झाकण उघडून थोडा वेळ हवा जाऊ द्यायची, मग उभ्या उभ्या, आत न वाकता, काठी हळूच तळापर्यंत सोडायची आणि काही मिनिटांनी सरळ वर काढायची. फडक्यावर गाळाची काळी, दाट खूण जिथवर चढलेली दिसेल, तेवढा गाळ. अर्थात त्याआधी झाकण सापडावं लागतं. पार्किंगच्या फरशीखाली गेलेलं झाकण, जिन्याखालच्या ओट्यात चिणलेलं झाकण, वर तुळशीवृंदावन बांधलेलं झाकण, हे सगळं आपल्या गावांत आहे. बांधकाम परवानगी देताना टाकीचं माप नकाशावर असतं, पण भोगवटा दाखला देताना झाकण उघडतं का, हे कुणी बघत नाही. ते बघायला लागा.

आता या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट. दहा-पंधरा वर्षं न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ दगडासारखा घट्ट बसतो. गाडीचा पाइप वरचं पाणी ओढतो, गाळ हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘एकाला खाली उतरवू, फावड्याने मोकळं करील.’ गाळ ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. थोडा असेल तोवर त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. उतरलेल्या माणसाला वाटतं, आता ठीक आहे. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. सेप्टिक टाकीत माणूस असा जोखमीने उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मृताच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलं, आणि 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ही रक्कम 30 लाखांवर नेली. तरीही माणसं मरतात, आणि ती कोणत्या वस्त्यांतली असतात हे आपल्याला माहीत आहे. तीन वर्षांनी उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो, पाइपनेच निघतो. माणूस उतरवायची वेळच येत नाही. माझ्या मते नियमित उपशाच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

हे होऊ शकतं का, याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिकजवळच्या सिन्नरने हे करून दाखवलं. वाई 2011 च्या जनगणनेत 36 हजारांचं गाव. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या मदतीने या दोन नगरपरिषदांनी सगळ्या टाक्यांचं तीन वर्षांचं चक्र ठरवलं. गाव भागांत वाटून घेतलं आणि गाडी पाळीपाळीने दारात जाऊ लागली. काम खासगी कंत्राटदाराकडे दिलं, पण त्याचे पैसे घरमालकाकडून न घेता, झालेल्या कामाच्या हिशेबाने नगरपरिषद देते. खर्चासाठी स्वच्छता कर लावला, त्यामुळे अडचणीच्या दिवशी एकदम मोठी रक्कम काढायची पाळी कुणावर येत नाही. उपसलेला मैला नदीकाठी किंवा शेतात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो.

केंद्राचा मुद्दा जरा थांबून बघा. मैलागाळ प्रक्रिया केंद्रं राज्यात आता अनेक ठिकाणी उभी आहेत. उपसा फक्त फोनवर अवलंबून ठेवला, तर केंद्राकडे एखाद्या आठवड्यात गाडीच येत नाही आणि पावसाळ्यात, जमिनीतलं पाणी वर आल्यावर, एकदम रांग लागते. पाळी ठरलेली असेल तर रोजच्या गाड्या ठरतात. गाडी केंद्रात पोचल्याची पावती जुळली तरच कंत्राटदाराचं बिल काढा. नाहीतर रात्री नाल्यावर टँकर मोकळा करणारे सगळीकडेच आहेत.

‘लोक नवा कर सोसणार नाहीत’ हे उत्तर मला ठाऊक आहे. तीन वर्षांतून एकदाच्या उपशाचा खर्च वर्षांवर वाटला, की घरामागे वर्षाला काही शे रुपये होतात. काम दारात होताना दिसलं तर लोक ते देतील. झोपडपट्टीतल्या सामुदायिक शौचालयांचा आणि लहान घरांचा भार मोठ्या व्यापारी मिळकतींवर टाकता येईल. जिथे गल्ली अरुंद आहे तिथे छोटी गाडी लागेल, आणि तिची तरतूद आधीच करावी लागेल, कारण सगळ्यात जुन्या टाक्या तिथेच आहेत.

म्हणून मागणी अशी : येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. सहा महिन्यांत टाक्यांची घरोघर नोंद करा : जागा, माप, झाकण उघडतं की नाही, शेवटचा उपसा कधी. आणि पुढच्या वर्षीच्या घरपट्टीच्या बिलावर दोन तारखा छापा, टाकी याआधी केव्हा उपसली आणि आता गाडी केव्हा येणार. दुसऱ्या तारखेला गाडी आली नाही, तर तक्रार घेऊन आम्ही कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं, त्या अधिकाऱ्याचं पदही तिथेच खाली लिहा.

आपला,
एक घरपट्टीधारक