बाबासाहेबांचा पापड आणि आपल्या पोरांचे ताट

एप्रिलमध्ये जयंतीच्या भाषणांना गेलात की एक प्रसंग हमखास ऐकायला मिळतो. लंडनला शिकत असताना बाबासाहेब सकाळी पावाच्या तुकड्यावर भागवायचे, दिवसभर ग्रंथालयात बसायचे आणि रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. प्रसंग खरा आहे, चरित्रांत नोंदलेला आहे. आक्षेप आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थाला. वक्ता शेवटी समोर बसलेल्या पोरांकडे बोट करतो आणि म्हणतो, "अन् तुम्हाला पिझ्झा पाहिजे!" टाळ्या पडतात. वक्ता बहुधा पगारदार असतो आणि कार्यक्रमानंतर त्याच्या जेवणाची सोय झालेली असते.

ज्या माणसाने ती भूक काढली, त्याने पुढे काय केले हे कुणी सांगत नाही. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिताना त्यांनी दाखवून दिले की रुपया घसरला की किमती वाढतात, मजुरी मात्र मागे राहते, आणि मधला फायदा मालकाच्या खिशात जातो. म्हणजे महागाई ही मजुराच्या ताटातून काढून घेतलेली भाकर आहे. मजुरांनो, भाकर लहान करा, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. आपण उपाशी राहून शिकलो, म्हणून पोरांनीही उपाशी राहावे असे त्यांना वाटले असते, तर वसतिगृहाची उठाठेव कशाला केली असती?

आता आजचा हिशोब करू. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 ला सुरू झाली. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिच्यात भोजन भत्ता ठरला वर्षाला 32,000 रुपये. 365 ने भागा. दिवसाला 88 रुपयेही भरत नाहीत. याच राज्य सरकारने 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आणली. गिऱ्हाइकाला दहा रुपयांत मिळणाऱ्या त्या थाळीची शहरातली किंमत सरकारने धरली 50 रुपये, वरचे 40 अनुदान. थाळीत काय? तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, वाटीभर भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि वरण. अशा दोन थाळ्यांचे होतात शंभर रुपये. म्हणजे सरकारच्याच दराने आपल्या पोराला दोन वेळची सरकारी थाळीसुद्धा परवडत नव्हती. कुणी म्हणेल, कॉलेज दहा महिनेच असते. ठीक आहे, 300 दिवस धरा. 106 रुपये येतात. दोन थाळ्या आणि सहा रुपये. त्या सहा रुपयांत सकाळचा चहा-नाश्ता बसवून दाखवा. आणि हा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. हप्ता येईपर्यंत खानावळवाल्याची उधारी, मित्राची उसनवारी, नाहीतर गावाकडे आईने मोडलेली भिशी.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे ठरतो. तो ठरायलाच हवा. पण डाळ विद्यार्थ्यासाठी वेगळ्या भावाने मिळते काय? भोजन भत्ता त्याच निर्देशांकाला बांधा, ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर का नाही?

दुसरीकडे रील्सवरचे अर्थतज्ज्ञ आहेत. निम्मा पगार गरजांवर, तीस टक्के हौसेवर, वीस टक्के बचत. आणि पहिला उपदेश : बाहेर खाणे बंद करा. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात शहरी भागात अनुसूचित जातींचा दरडोई मासिक खर्च 5,307 रुपये निघाला, 'इतर' या रकान्यातल्यांचा 7,333. शहरांत सर्वांत खालचा आकडा आपला. त्या 5,307 मध्ये भाडे, बसपास, औषध, मोबाइल, शाळा आणि अन्न सगळे आले. यातली हौस कुठली ते शोधून काढा आणि मलाही सांगा.

बाहेर खाण्याचेच बघू. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला गॅस ठेवायची परवानगी नसते. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या कंत्राटी सफाई कामगार बाईला डबा करायला रात्री तीनला उठावे लागते. आणि ज्यांना खोलीत चूल मिळते त्यांना घरमालकाची अट असते : मटण-मच्छी शिजवायची नाही, अंडेसुद्धा नाही. ही अट कुणाला गाळायला घातलेली असते, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. मग जे घरात दहा रुपयांच्या आत उकडून झाले असते ते अंडे गाडीवर दुप्पट-तिप्पट दराने खावे लागते. हा बाहेर खाण्याचा शौक नव्हे, जातीने लावलेला अधिभार आहे. आणि शौक म्हणून खाल्ले तरी बिघडले कुठे? दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली, हे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये उगाच लिहिलेले नाही. ज्यांच्या आज्याला हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळायचा, त्या नातवाने महिन्यातून एकदा आईला घेऊन टेबलावर बसून बिर्याणी खाल्ली, तर त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने आधी आपला इतिहास वाचावा.

काटकसरीलाही भांडवल लागते. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरून ठेवणारी घरे शहाणी म्हणून मिरवतात. ती शहाणी आहेतच, पण त्यांच्याकडे एकरकमी दहा-पंधरा हजार असतात, पत्र्याच्या कोठ्या असतात आणि कोठ्या ठेवायला खोली असते. रोजंदारीवाला पावशेर डाळ आणि पुडीतले तेल घेतो, आणि तीच वस्तू किलोमागे महाग घेतो. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, ते घेतलेच पाहिजे. पण नुसत्या गव्हा-तांदळाने ताट भरत नाही. डाळ, तेल, भाजी, अंडे विकतच आणावे लागते. शाळेत पोरांना आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने त्याचाही निधी काढून घेतला आणि शाळांना लोकवर्गणी करायला सांगितले.

आणि घरातल्या घरात कपात होते ती कुठे? बाईच्या ताटात. आधी पोरे, मग नवरा, मग उरलेले. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. विहारात समतेवर बोलून घरी आल्यावर पातेल्यात काय उरले आहे, हे किती कार्यकर्ते बघतात?

म्हणून वही घाला. बचतीची नव्हे, पुराव्याची. वसतिगृहातल्या, खोल्यांवर राहणाऱ्या पोरापोरींनी तीन महिने रोजचा खर्च लिहावा : काय खाल्ले, कितीला, कुठे, कोणते जेवण चुकवले आणि का. भत्त्याची रक्कम खात्यावर कोणत्या तारखेला पडली तेही. घरी ही वही नवरा-बायको दोघांनी लिहावी. पन्नास वह्या जमल्या की त्यांची बेरीज करून पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात निवेदनाला जोडा, एक प्रत आपल्या आमदाराला द्या. आणि विहार कमिटीने, महिला मंडळाने, बचत गटाने जूनपासून घरटी महिन्याला थोडी थोडी वर्गणी साठवावी. मार्च-एप्रिलमध्ये नवे गहू आणि तूर बाजारात आली की पोत्याने एकत्र घ्यावी आणि वाटून घ्यावी. डीजेची वर्गणी आपण महिनाभरात उभी करतो, तेव्हा वसुली कशी करायची हे कमिटीला शिकवायची गरज नाही.