छत्री कोणतीही असो, सामना दिसलाच पाहिजे

भारताचा एकदिवसीय सामना असला की धुळे जिल्ह्यातल्या आमच्या पिंपळनेरात घरांचे दोन गट पडतात. ज्यांच्या पत्र्यावर दूरदर्शनची फ्री डिश आहे त्यांना सामना फुकट दिसतो. पण बॉक्स जुना, चित्र पुसट, कोपऱ्यातला धावफलक वाचायला उठून टीव्हीजवळ जावे लागते. ज्यांच्याकडे महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारायची खासगी डिश आणि एचडी बॉक्स आहे त्यांचे चित्र लख्ख. मात्र दूरदर्शनच्या वाहिनीवर त्यांना सामना दिसत नाही. वाहिनी तीच, बोधचिन्ह तेच आणि पडद्यावर दुसराच कार्यक्रम. मग ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणून डिश बसवणाऱ्या पोराला फोन जातो. तो बिचारा दर वेळी तेच सांगतो : वायर तुटलेली नाही, छत्रीवरची एलएनबी हललेली नाही, रिचार्जही संपलेला नाही. या छत्रीवर सामना येतच नाही.

म्हणजे ज्याचे चित्र स्वच्छ त्याला सामना नाही आणि ज्याला सामना आहे त्याचे चित्र स्वच्छ नाही. हा बिघाड नव्हे. कायद्याच्या शब्दांनी घातलेले हे कुंपण आहे. ते काढले पाहिजे, आणि ते काढू नये म्हणून जी कारणे पुढे केली जातात त्यांतले एकही टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा झाला तो नेमका उलट हेतूने. २१ जानेवारी २००७ रोजी नागपुरात भारत-वेस्ट इंडीज सामना झाला. सौरव गांगुलीने पुनरागमनात ९८ धावा काढल्या. प्रक्षेपणाचे हक्क निंबस या कंपनीकडे होते, दूरदर्शनशी तिचा तंटा चालला होता आणि ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांना हा सामना थेट पाहता आला नाही. सामना महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातलीच खेडी कोरडी! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, सात मिनिटे उशिराने चित्र देण्याची तोड निघाली, फेब्रुवारीत वटहुकूम आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे थेट चित्र हक्कधारकाने जाहिराती वगळून दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे, असा तो कायदा. हेतू त्यात लिहिलेलाच आहे : जास्तीत जास्त प्रेक्षक-श्रोत्यांपर्यंत हे सामने विनामूल्य पोहोचावेत.

कलम ३ मात्र असे लिहिले गेले की प्रसार भारतीने हे चित्र ‘आपल्या’ मनोऱ्यांवरून आणि ‘आपल्या’ डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून, दाखवावे. दुसरीकडे १९९५ च्या केबल कायद्याचे कलम ८ सांगते की दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या केबलवाल्याने दाखवल्याच पाहिजेत. मग दूरदर्शनवरचा सामना केबलवरही आपोआप येणार का? हक्कधारक वाहिनी न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नाही येणार. कायद्याने सक्तीने मिळालेले चित्र प्रसार भारतीने स्वतःच्या जाळ्यापुरतेच वापरावे. न्यायालयाने समोरचे शब्द वाचले. त्या वाचनाशी माझे भांडण नाही, भांडण त्या शब्दांशी आहे.

आणि इथे एक गोष्ट घडली, जिच्याकडे कुणी फारसे लक्ष दिलेले नाही. न्यायालयाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या : मनोऱ्यावरचे प्रक्षेपण आणि फ्री डिश. पुढे प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग मनोरे एकेक करून बंद केले. ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे थोडे सोडून सगळे मिटले. छपरावर काठीला बांधलेला अँटेना, पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे, हे सगळे संपले. आमच्याकडे ते तसेही धड चालत नव्हते. दक्षिणेला सेलबारीचे डोंगर, पश्चिमेला चरणमाळ घाट. लांबच्या मनोऱ्याची लहर डोंगराला अडायची. मनोरे गेले याचे मला दुःख नाही. परंतु २००७ साली संसदेने ‘जास्तीत जास्त प्रेक्षक’ म्हटले तेव्हा ते मनोरे देशभर उभे होते. कायद्याचा एक पाय त्यांवर होता. तो पाय काढून घेतला आणि कायद्याचे शब्द तसेच ठेवले. आता उरली एकटी फ्री डिश. उद्योगाच्या अंदाजानुसार ती साडेचार कोटींच्या आसपास घरांत आहे. खासगी डीटीएच आणि केबलची घरे मिळून त्याहून कितीतरी जास्त, आणि ती सगळी या ‘जास्तीत जास्त’च्या बाहेर.

आता विरोधकांचे पाहू. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप मालकीचा. कंपनीने हजारो कोटी मोजले, तिचा माल फुकट कसा वाटायचा? आकडे मोठे आहेत हे खरे. भारतातल्या सामन्यांसाठी स्टारने २०१८ साली पाच वर्षांचे ६,१३८ कोटी रुपये मोजले. २०२३ मध्ये व्हायकॉम-१८ ने त्यापुढच्या पाच वर्षांसाठी ५,९६३ कोटी. पण हे दोन्ही व्यवहार २००७ च्या कायद्यानंतरचे आहेत. सामने दूरदर्शनशी वाटून घ्यावे लागणार, हे बोली लावणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि किंमत त्याने ते धरूनच लावली. शिवाय फुकट काही जातच नाही. दूरदर्शनला त्या प्रक्षेपणावर मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के हक्कधारकाला आणि २५ टक्के प्रसार भारतीला, असा हिशेब कायद्यातच आहे. पाहणारी घरे वाढली तर जाहिरातीचा दर वाढेल आणि त्यातला तीन चतुर्थांश हिस्सा हक्कधारकाच्याच खिशात जाईल. आपल्या सशुल्क वाहिनीचे ग्राहक घटतील अशी कंपनीची भीती आहे. ती भीती मी खोटी म्हणत नाही. वाट्याचे प्रमाण अपुरे वाटत असेल तर त्यावर बसून बोलता येईल. पण तेवढ्यासाठी कोट्यवधी घरांना दूरदर्शनचीच वाहिनी अर्धी दाखवायची, याला न्याय म्हणता येणार नाही.

मालकीची भाषा करणाऱ्यांना आणखी एका निकालाची आठवण द्यायला हवी. १९९३ च्या हीरो कपवरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने सांगितले की आकाशातल्या प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र लिहिले होते आपल्या महाराष्ट्राच्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. कंपनीने विकत घेतला तो सामना दाखवण्याचा हक्क. ज्या लहरींवरून तो जातो त्या कुणी विकत घेतलेल्या नाहीत.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो : एवढीच हौस आहे तर फ्री डिश बसवा, एकदाच पैसे लागतात. हे म्हणणाऱ्याने आमच्याकडच्या घराचा विचार केलेला नाही. खासगी डिश घेणारा श्रीमंत असतो, हा समज मुळात चुकीचा. मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या घरी ती डिश आहे, कारण संध्याकाळी तिला मराठी मालिका पाहायच्या असतात आणि झी मराठी, स्टार प्रवाहसारख्या मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवर मिळत नाहीत. मराठीसाठी तिने रिचार्ज पत्करला. आता सामन्यासाठी दुसरी छत्री, दुसरा बॉक्स, दुसरा रिमोट घ्यायचा? पिंपळनेरात एकाच पत्र्यावर दोन-दोन छत्र्या दिसतात त्या यामुळे. एक मराठीसाठी, एक क्रिकेटसाठी. ज्याच्याकडे दुसऱ्या छत्रीपुरते पैसे नाहीत, त्याला या दोहोंतले एक निवडावे लागते.

‘मोबाइलवर पाहा की’ हे तर उत्तरच नव्हे. त्याला डेटा लागतो, अ‍ॅपचे वेगळे पैसे लागतात, आणि डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर रेंज टिकत नाही. शिवाय पाच-सहा इंचांच्या काचेवर अख्खे घर एकत्र बसून सामना पाहू शकत नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर टोचतो : एचडी ही चैन आहे, गावातल्या माणसाला साधे चित्र पुरे. पुरे, हे ठरवले कोणी? साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, एचडीत १९२० गुणिले १०८०. बरोबर पाचपट. हा फरक कशात दिसतो ते शेतीच्या कार्यक्रमात पाहा. आमचा पट्टा कांद्याचा. पातीवर फुलकिड्यांनी रस शोषला की पांढुरके, चंदेरी चट्टे पडतात. जांभळ्या करप्यात लांबट, खोलगट डाग येतात, मध्यभागी जांभळट. औषध दोघांचे वेगळे. एकावर कीटकनाशक, दुसऱ्यावर बुरशीनाशक. तज्ज्ञ पात हातात धरून कॅमेऱ्यासमोर समजावतो आहे आणि पुसट पडद्यावर दोन्ही डाग सारखेच दिसत आहेत, अशा वेळी शेतकरी अंदाजाने फवारणी करणार आणि खर्च वाया जाणार. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या पाहिला गेला तो करमणुकीसाठी नव्हे. त्यातले पान, कीड आणि दरांचा तक्ता स्वच्छ दिसणे ही त्या कार्यक्रमाची निम्मी उपयुक्तता आहे. आणि आता गावात डबा टीव्ही उरला आहे कुठे? दुकानात ३२ इंची घ्यायला गेले तरी तो एचडी दाखवणाराच मिळतो. पडदा तयार आहे, चित्रच पोहोचत नाही.

नियमांनी तर एचडीला चैनच ठरवून टाकले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये आणि वर कर, असे जाळ्याचे भाडे ठरले. त्या शंभरात एक एचडी वाहिनी घेतली की ती दोन म्हणून मोजायची. एचडीला जागा जास्त लागते हे तांत्रिक सत्य आहे, ते मला मान्य आहे. खासगी वाहिन्यांना तो हिशेब लावा. पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दूरदर्शनचे स्वच्छ चित्र कोणत्याही मोजणीत धरता कामा नये, आणि ते उपलब्ध असताना साधे चित्र देऊन भागवण्याची मुभा कोणत्याही डीटीएच कंपनीला नसावी.

जागेचाच प्रश्न फ्री डिशवर वेगळ्या रूपात येतो. तिथे जुनी एमपेग-२ आणि नवी एमपेग-४ अशा दोन पद्धतींनी वाहिन्या सोडल्या जातात. जुना बॉक्स नवी पद्धत उघडू शकत नाही, म्हणून त्यावर एचडी नाहीच. नव्या पद्धतीत तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसते. मग सगळे नव्यावर का जात नाही? कारण जुने बॉक्स घरोघर आहेत, म्हणून खासगी वाहिन्यांना विकल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जागांना लिलावात भाव जास्त आणि या लिलावांतून प्रसार भारतीला वर्षाला शेकडो कोटी मिळतात. महसूल वाईट नाही. पण त्यातला काही भाग जुने बॉक्स बदलून देण्यावर खर्च झालाच पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणाच्या सोयी वाढवण्यासाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत वाटायचे त्यात ठरले. स्तुत्य गोष्ट आहे. वाटला जाणारा प्रत्येक बॉक्स एचडी उघडणारा असावा, एवढीच अट हवी.

अशी कुंपणे इतरत्रही आहेत, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतही उपग्रह टीव्हीवर बंधने आहेत. १९८८ च्या कायद्याने दूरच्या शहराचे केंद्र उपग्रहावरून फक्त अशाच घरांना दाखवता येत होते, ज्यांच्या अँटेनावर स्थानिक केंद्र येत नव्हते. १९९९ मध्ये स्थानिक केंद्रे त्याच भागात उपग्रहावरून दाखवायची परवानगी मिळाली. नियम मोडला म्हणून डिश नेटवर्कला डिसेंबर २००६ मध्ये दूरची केंद्रे बंद करावी लागली. त्या बंधनांचा जाच तिथल्या खेड्यांनाही झाला. पण त्यामागचा हेतू निदान गावचे स्थानिक केंद्र जगावे हा होता. आपल्या बंधनाने कोणते केंद्र जगते? दूरदर्शन लावले आणि सामना नाही असे दोनदा घडले की प्रेक्षक तिसऱ्यांदा ती वाहिनी लावतच नाही. आणि उपग्रहाचा विचार या देशात सुरू झाला तोच खेड्यांसाठी : १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २,४०० गावांना उपग्रहावरून शेती-शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा मोठ्या शहरांतही घरोघर टीव्ही नव्हता.

दुरुस्तीसाठी नवी अक्कल लागत नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१८ साली याच कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता : दूरदर्शनला मिळालेला सामना ज्या ज्या जाळ्यावर दूरदर्शनची वाहिनी दाखवणे सक्तीचे आहे त्या सगळ्यांवर दिसावा. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत हरकती मागवल्या आणि पुढे त्याचा कायदा झाला नाही. तो मसुदा परत बाहेर काढावा. त्यात दोन अटींची भर घालावी : चित्र हक्कधारकाकडे ज्या दर्जाचे असेल त्याच दर्जाचे दूरदर्शनला द्यावे आणि केबल-डीटीएचवाल्यांनी त्याच दर्जाचे पुढे पोहोचवावे.

पिंपळनेर जिल्ह्याने धुळ्यात, पण साक्री तालुका लोकसभेला नंदुरबारला जोडलेला. नंदुरबार केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, मोफत बॉक्सही अशाच भागांसाठी आहेत. त्यामुळे हा प्रश्न संसदेत मांडण्याचा पहिला अधिकार नंदुरबारच्या खासदारांचा. पिंपळनेर परिसरातल्या आणि पश्चिम पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत तसा ठराव करून तो त्यांच्याकडे आणि मंत्रालयाकडे पाठवावा. ठरावाला कलम ३ ची प्रत आणि २०१८ चा मसुदा जोडावा.