पंख बसवताना नाही म्हणायलाही शिका

शर्यतीच्या ट्रॅकवरील गाडीला मागे पंख आणि पुढे स्प्लिटर बसवणे हे गॅरेजवाल्यासाठी कमाईचे काम आहे, पण शोभेचे नव्हे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. म्हणून पंखाचे खांब डिकीच्या पातळ पत्र्यावर न आवळता चॅसीला जोडावेत. स्प्लिटरही नुसत्या प्लॅस्टिक बंपरला टांगू नये.

१९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडले आणि ग्रॅहम हिल व योखेन रिंट यांना भीषण अपघात झाले. त्यानंतर लगेच अशा उंच पंखांवर बंदी आली. एवढ्या नामांकित कंपनीची ही गत, तर आपण अंदाजावर काम कसे करावे?

गिऱ्हाईक म्हणेल, 'फक्त मागचा पंख लावा, पैसे वाचतील.' त्याला स्पष्ट सांगा की मागची चाके दाबली गेली आणि पुढची हलकी राहिली, तर वेगवान वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहील. तरीही तो ऐकत नसेल, तर काम सोडा. बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते, गेलेला जीव नाही.