अनारसा कां हंसला?

गृहस्थाश्रमांतील लहानसहान गोष्टींचा विचार आम्ही या सदरांत दरमहा करीत असतों. या खेपेस विषय कढईचा आहे. पुरुषानें, त्यांतून जन्मभर मास्तरकी केलेल्या पुरुषानें, तळणीविषयीं लिहावें हें आमच्या कांहीं वाचक भगिनींस हास्यास्पद वाटेल. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, हंसावयाचें तें लेख संपल्यावर हंसावें. कारण अवेळीं हंसण्याचा परिणाम काय होतो, हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

घरांत होणाऱ्या तळणीच्या गोड पदार्थांत अनारशाइतका साधा आणि अनारशाइतका लहरी पदार्थ दुसरा नाहीं. सामग्री पाहिली तर तांदूळ, गूळ आणि तूप. वर खसखशीचा शृंगार. शंकरपाळा थोडा बिघडला तरी चहाबरोबर खपतो, करंजी फुटली तरी सारण खातां येतें. परंतु अनारसा बिघडला म्हणजे उरतच नाहीं. तुपांत सोडतांच तो पसरतो, त्याचे कण सुटतात आणि कढईच्या तळाशीं गाळ होऊन बसतो. यास आपल्याकडे ‘अनारसा हंसला’ असें म्हणतात. हा शब्दप्रयोग ज्या गृहिणीनें प्रथम केला, तिच्या डोळ्यांत त्या वेळीं पाणी असलें पाहिजे.

दिवाळींत अनारसे होतातच. पण अधिक मासांत त्यांचें महत्त्व विशेष. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचें. ही अकरा दिवसांची तफावत भरून काढण्यासाठीं सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं एक महिना अधिक धरावा लागतो. या महिन्यांत तेहतीस अपूपांचें दान सांगितलें आहे, आणि आपल्या घरांतून तें जांवयास अनारशांचें वाण देऊन पाळलें जातें. अपूप हा शब्द फार जुना. ऋग्वेदांत इंद्रास अपूप अर्पण केल्याचे उल्लेख आहेत. पाणिनीनें अपूपादि शब्दांचा एक गणच मानिला आहे. अमरकोशांत पूप, अपूप आणि पिष्टक हे शब्द एकत्र दिले आहेत. ही सर्व माहिती आम्हांस मुखोद्गत होती. अनारसा मात्र आम्हीं उभ्या आयुष्यांत एकदांही थापला नव्हता.

इ. स. २०२३ सालीं अधिक श्रावण आला; १८ जुलैस लागला आणि १६ ऑगस्टास संपला. आमच्या घरीं दोन भाऊ, त्यांचे संसार, मुलें, नातवंडें अशी चौदा माणसें एकत्र नांदतात. अनारशाचें पीठ इतकीं वर्षें आमच्या सौभाग्यवतींच्या हातचें होई. परंतु त्या वर्षीं संधिवातानें त्यांचीं बोटें वळत नव्हतीं, आणि काम धाकट्या सूनबाईंकडे आलें. सूनबाई नोकरी करतात. सकाळीं नऊला बाहेर पडावें, सायंकाळीं सातला परतावें, आणि त्यानंतर तांदळाचें पाणी बदलावें, असें तीन दिवस चाललें होतें. चौथ्या रात्रीं अकराच्या पुढें मिक्सरचा आवाज ऐकूं आला तेव्हां आम्ही अंथरुणावरून ‘जरा हळू’ असें म्हटल्याचें स्मरतें. याहून अधिक साहाय्य आमच्या हातून झालें नाहीं.

वाणाच्या दिवशीं मुलगी व जांवई आले. पानें मांडलीं गेलीं. आंतून तुपाचा वास आला आणि पुढें बराच वेळ कांहींच आलें नाहीं. पहिला अनारसा हंसला, दुसरा हंसला, दहावा हंसला. शेवटीं झाऱ्यानें निथळून काढलेला एक चिकट गोळा वाटींत घालून सूनबाई बाहेर आल्या. आम्हीं तो पाहिला, आणि आमच्यांतील संस्कृतज्ञास स्फुरण चढलें. आम्ही म्हणालों, “हा अपूप कसला? हा तर पायस झाला!”

पंगत खदखदून हंसली. जांवईही हंसले. सूनबाई मात्र वाटी खालीं ठेवून आंत गेल्या. वाणाची वेळ बाजारांतल्या बत्ताशांवर निभावली. बत्ताशासही छिद्रें असतातच.

रात्रीं सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, “अहो, एक विचारूं? शाळेंत एखादा मुलगा नापास झाला, तर त्याला भर वर्गांत असेच हंसत होतां कां?”

आम्ही उत्तर दिलें नाहीं. कारण उत्तर ‘नाहीं’ असें होतें. नापास झालेल्या मुलास आम्ही बाजूस बोलावून त्याची उत्तरपत्रिका त्याच्यासमोर तपाशीत असूं. कोठें चुकलें हें त्याला दिसलें कीं तो पुढच्या खेपेस सहसा तेथें चुकत नसे. परक्या मुलांस जो न्याय दिला, तो घरच्या मुलीस दिला नाहीं, ही गोष्ट त्या रात्रीं आम्हांस फार टोंचली.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. आम्ही स्वयंपाकघरांत गेलों आणि म्हणालों, “सूनबाई, काल मी बोललों तें चुकलें. पीठ उरलें असेल तर आपण दोघें मिळून तें तपासूं.”

सूनबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाबा, अनारसे बिघडले याचें एवढें नाहीं वाटलें. तांदूळ किती ओला राहूं द्यायचा, असें मीं आईंना दोनदां विचारलें होतें. त्या म्हणाल्या, हाताला कळतें. माझ्या हाताला अजून कळत नाहीं, हें सगळ्यांसमोर ठरलें, त्याचें वाईट वाटलें.”

हें ऐकून दाराशीं बसलेल्या सौभाग्यवतीही वरमल्या. त्यांनीं विद्या लपविली नव्हती. ती त्यांच्या बोटांत होती, शब्दांत कधीं आलीच नव्हती. त्यांच्या सासूबाईंनींही त्यांस ‘अंदाजानें’ एवढेंच सांगितलें होतें.

मग आम्हीं उरलेल्या पिठाचे चार सारखे भाग चार वाट्यांत केले. पहिला तसाच ठेविला. दुसऱ्यांत तांदळाचें कोरडें पीठ एक चमचा, तिसऱ्यांत दोन चमचे आणि चौथ्यांत चार चमचे मळलें. तूप एकच, आंच एकच. पहिला भाग आदल्या दिवसाप्रमाणेंच हंसला. दुसरा पसरला, पण कसाबसा एकत्र राहिला. तिसऱ्यास सुरेख जाळी पडली. चौथा इतका कठीण झाला कीं, आमच्या दांतांनीं त्याच्यापुढें शरणागति पत्करली. तिसरा अनारसा झाऱ्यावर उचलला तेव्हां अनारसा हंसला नाहीं. हंसल्या त्या सूनबाई.

आतां यामागील कारण पाहूं. गव्हाच्या पिठांत ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य असतें, तें कणांस धरून ठेवतें. तांदळांत तें नाहीं. म्हणून अनारशाच्या पिठांत कणांस जोडण्याचें काम प्रथम गुळाचा चिकटपणा करतो. पुढें उष्णता लागली म्हणजे तांदळांतील पिष्ट पाणी शोषून फुगतें आणि घट्ट बसतें. गूळ वितळून कण सुटण्यापूर्वीं पिष्ट बसलें तर अनारसा टिकतो. आधीं कण सुटले तर तो हंसतो. गूळ जास्त झाला तर तो पाणी आपल्याकडे ओढून धरतो आणि पिष्टास बसण्यास उशीर होतो. पीठ सैल असेल किंवा तूप पुरेसें तापलें नसेल, तरी परिणाम तोच. उलट तूप फार कडक असेल तर अनारसा बाहेरून करपतो आणि आंत कच्चा राहतो. पिठांतील पाणी वाफ होऊन निघतांना जीं छिद्रें पाडून जातें, तीच जाळी.

आमच्या घरीं झालें तें असें. आठ दिवस पावसाची झड लागली होती. तांदूळ पंख्याखालीं वाळविला, पण हवाच ओली. तो वाळला नाहीं. गूळ नवा व मऊ होता, आणि गुळाचा धर्मच ओल खेंचण्याचा. जुन्या रीतीप्रमाणें पीठ व गूळ वजनानें समभाग घेतले. दिवाळींत जें प्रमाण बरोबर ठरतें, तें श्रावणांत चुकलें. अपराध असलाच तर तो पर्जन्याचा होता. शिक्षा मात्र सूनबाईंस झाली.

त्यानंतर सौभाग्यवतींनीं सांगावें, सूनबाईंनीं करावें आणि आम्हीं वहींत टिपावें, अशा रीतीनें पुढील कृति सिद्ध झाली. ती वाचकांच्या उपयोगासाठीं देतों.

जुना तांदूळ एक किलो घेऊन धुवावा व तीन दिवस पाण्यांत भिजत ठेवावा. पाणी रोज बदलावें. या मुदतींत तांदूळ किंचित् आंबतो आणि बोटांनीं चुरडेल इतका मऊ होतो. चौथ्या दिवशीं उपसून, निथळून, सावलींत फडक्यावर पसरावा. मुठींत दाबला असतां तळहातास ओल जाणवावी, परंतु पाण्याचा डाग पडूं नये व तांदूळ हातास चिकटून राहूं नये, ही खूण. लगेच दळून बारीक चाळणीनें चाळावा. यांतील एक वाटी पीठ बाजूस काढून, वाळवून, डबींत ठेवावें. तें पुढें औषध म्हणून लागतें. उरलेलें पीठ तोलावें व कोरड्या दिवसांत त्याच्या बरोबरीनें, पावसाळ्यांत त्याच्या पाऊणपट, किसलेला गूळ घ्यावा. एक चमचा तूप घालून घट्ट मळावें, गोळे करून डब्यांत दाबून ठेवावे व निदान पांच दिवस हात लावूं नये.

तळतेवेळीं लागेल तेवढेंच पीठ मळावें. कोरडें वाटल्यास पिकलें केळें कुसकरून अगदीं थोडें घालावें. सैल वाटल्यास डबींतलें पीठ घालावें. सुपारीएवढी गोळी खसखशीवर थापावी. खसखशीची बाजू वर ठेवून तुपांत सोडावी, उलटूं नये. झाऱ्यानें वरून तूप उडवीत राहावें. आंच मंदाहून किंचित् अधिक असावी. बदामी रंग आला म्हणजे काढून चाळणींत उभा करून निथळावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आधीं एकच अनारसा परीक्षेस बसवावा. तो हंसला तर थांबावें, पीठ सुधारावें, मग पुढें जावें. सूनबाईंनीं त्या दिवशीं पाहुण्यांच्या धाकानें न थांबतां दहा सोडले, ही मात्र त्यांची चूक, आणि ती त्यांनीं स्वतःच आम्हांस दाखविली.

तुपाविषयीं एक गोष्ट. आमच्या लहानपणीं घरोघर डालड्याचा पिवळा डबा असे. हें वनस्पति तूप इ. स. १९३७ सालीं आपल्याकडे आलें आणि स्वस्ताई म्हणून रुजलें. तेलास हायड्रोजन देऊन घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेंत ट्रान्स फॅट उत्पन्न होतात व ते हृदयास घातक आहेत, हें पुढें सिद्ध झालें. जानेवारी २०२२ पासून अशा स्निग्ध पदार्थांत त्यांचें प्रमाण शेंकडा दोनपेक्षां अधिक असूं नये असा आपल्याकडे नियम आहे. अनारसे वर्षांतून दोनदां व्हावयाचे. ते साजूक तुपांत थोडे करावे, हें चांगलें. आणि हंसलेल्या अनारशाचा गाळ ज्यांत राहिला तें तूप गाळून घेतल्यावांचून पुन्हां तापवूं नये. तो गाळ जळून पुढच्या घाण्यास कडवटपणा आणतो.

त्याच वर्षींच्या दिवाळींत सूनबाईंनीं अनारसे केले. तांदळाचें पाणी रोज सायंकाळीं आम्हीं बदललें. एकूण चाळीस झाले, त्यांतले दोन हंसले. त्या दोहोंचा चुरा आम्हीं मागून घेतला व दुधांत घालून खाल्ला; पायस म्हणून तो खरोखरच वाईट लागत नाहीं, परंतु ही गोष्ट आम्ही कोणाजवळ बोललों नाहीं.

ती वही आतां स्वयंपाकघरांत फळीवर असते. तींत सूनबाईंनीं आपल्या अक्षरांत भर घातली आहे: इ. स. २०२६ चा अधिक मास ज्येष्ठांतला, म्हणून ‘उन्हाळा, पीठ लवकर सुकेल, केळें हाताशीं ठेवणें’. खालीं सौभाग्यवतींनीं वांकड्या बोटांनीं एकच शब्द लिहिला आहे: ‘बरोबर’. आमच्या अर्ध्या आयुष्यांत आम्हीं हजारों उत्तरपत्रिकांवर तो शब्द लिहिला. इतक्या कष्टानें लिहिलेला मात्र हा पहिलाच पाहिला.

आमच्या वयाच्या गृहस्थांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. घरांत नवी मुलगी कढईपुढें उभी असेल तेव्हां पाटावर बसून विनोद करूं नये. तांदळाचें पाणी बदलावें, तागडी धरावी, आणि वडील बायकांच्या हातांतला अंदाज, ते हात थकण्यापूर्वीं, कागदावर उतरवून घ्यावा. एवढें करून अनारसा हंसलाच, तर तो एकटाच हंसूं द्यावा.