रात्री चढणारे वादळ

वळवाचा पाऊस आपल्याकडे बहुधा दुपार कलल्यावर येतो. सकाळपासून ऊन तापते, चारच्या सुमारास ढग चढतात, वारा सुटतो, गडगडाट होतो. ऊन उतरले की वादळाचाही जोर उतरतो, असा आपला नेहमीचा अनुभव.

अमेरिकेच्या मधल्या मैदानात मात्र उलटा प्रकार आहे. कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा हा गहू-मक्याचा सपाट मुलूख. तिथे उन्हाळ्यातला पुष्कळसा पाऊस शेतकरी झोपेत असताना पडतो. त्याच्याबरोबर गारा, विजा आणि छपरे उडवणारा वाराही येतो.

असे का होते? दुपारी पश्चिमेकडे रॉकी पर्वताच्या कडेला ढग जमतात आणि पूर्वेकडे सरकत रात्री मैदानात पोचतात, हे एक कारण. दुसरे कारण वाऱ्याचे. दिवसा तापलेली हवा वरखाली घुसळत असते, त्यामुळे जमिनीचा अडथळा वरच्या वाऱ्यालाही जाणवतो. सूर्य मावळला की जमीन निवते आणि तिच्यालगतची हवा गार होऊन स्थिर बसते. मग काहीशे मीटर उंचीवरचा दक्षिणेचा वारा मोकळा सुटतो. रात्र चढेल तसा तो वेग घेतो आणि मेक्सिकोच्या आखाताकडची दमट, उबदार हवा आणून ओततो. वादळाचे खाद्य तेच. सुटे ढग एकत्र होतात आणि शेकडो किलोमीटरची फळी उभी राहते.

अंदाज इथेच अवघड होतो. अंगणात हवा गार नि शांत असते, जमिनीवरची यंत्रेही तेच सांगतात. वादळाचे मूळ मात्र त्या गार थराच्या वर असते. तिथली हवा मोजणारे नेहमीचे फुगे दिवसातून दोनदाच सुटतात, उन्हाळ्यात तिथल्या घड्याळाने सकाळी आणि संध्याकाळी सातच्या आसपास. मधल्या रात्री काय बदलले ते निसटते. म्हणून २०१५ च्या जून-जुलैत शास्त्रज्ञांनी रात्री जागून विमाने, फिरती रडारे आणि जादा फुगे यांनी या वादळांचा माग काढला. धोका कोणत्या भागात आहे हे संध्याकाळी सांगता येते. कोणत्या गावावर, हे वादळ रडारवर दिसल्यावरच कळते, आणि तेव्हा हाती थोडाच वेळ असतो.

तो थोडा वेळच जीव वाचवतो. ४ मे २००७ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅन्ससमधले ग्रीन्सबर्ग हे सुमारे १,४०० वस्तीचे गाव टोर्नाडोने, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरलेल्या वाऱ्याच्या सोंडेने, जवळजवळ सपाट केले. दहाहून अधिक माणसे गेली. पण इशारा आधी मिळाला होता, त्यामुळे तळघरात उतरलेली कितीतरी माणसे वाचली. तेच वादळ निजानीज झाल्यावर आले असते तर? म्हणून इशारा येताच आपोआप वाजणारा रेडिओ घरात ठेवा, असे तिथे सांगतात.

आपला वळीवही कधी रात्री गाठतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे ॲप जवळपासच्या विजेचा इशारा देते. त्या दिवसांत घरातल्या एकाचा तरी फोन रात्री आवाज चालू ठेवून उशाशी असावा. काढलेला कांदा दिवसाउजेडीच झाकावा, गुरे झाडाखाली बांधू नयेत. विजा कडाडताना ताडपत्री घेऊन रानात धावू नये. कांदा पुढच्या साली पुन्हा लावता येतो, गेलेला माणूस परत येत नाही.